स्टील ड्रमच्या बँडमुळे शहरातली वस्ती खरंच जोडली जाते का? आमच्या सोसायट्यांमध्ये सुरू करावा का?

जोडली जाते. माझ्या मते त्यात सुरांइतकाच वाटा वाद्याच्या मालकीचा आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये होतो. तेलाच्या पिंपापासून बनवलेल्या या वाद्याला तिथे नुसतं पॅन म्हणतात आणि बँड जिथे सराव करतो त्या अंगणाला पॅनयार्ड. बास, म्हणजे खर्जाचे सूर, वाजवणाऱ्या एकाच माणसाभोवती सहा, नऊ, कधी बारा अख्खी पिंपं असतात. दोन खोल्यांच्या घरात ती ठेवणार कुठे? म्हणून पॅन बँडचे, मुक्काम यार्डात, आणि वाजवायचं तर तिथेच यायचं. कार्निव्हलआधी रोज रात्री मी ऐकायला जायचो. पुष्कळांना नोटेशन वाचता येत नाही. अरेंजर, म्हणजे बँडसाठी गाणं बसवणारा, एक तुकडा वाजवून दाखवतो, तो पाठ झाला की पुढचा. अडलेल्या शाळकरी मुलीला शेजारचे आजोबा काठी कुठे मारायची ते दाखवतात. आजूबाजूचे लोक खुर्च्या आणून बसतात, कडेला डबल्सवाला (आपल्या छोले-पुरीचा तिकडचा भाऊबंद) असतोच.

हे सगळं गरिबीतून आलंय. ब्रिटिशांनी 1884 मध्ये ढोलांवर बंधनं घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले. 1930 च्या दशकात डबे, मग तेलाची पिंपं. सुरुवातीला पॅनवाला म्हणजे गुंड, असंच लोक समजत, आणि बँडांच्या मारामाऱ्याही व्हायच्या. रेनेगेड्स हा तसाच एक बदनाम बँड. त्यालाच खेड्यातून आलेला भारतीय वंशाचा अरेंजर मिळाला, जीत समारू. त्याच्या रचनांवर रेनेगेड्सनं पॅनोरमा ही राष्ट्रीय स्पर्धा 9 वेळा जिंकली. आफ्रिकन वंशाच्या वस्तीनं त्याला आपलं मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण पॅन आला की भांडणं मिटली, असं नाही. लाव्हेन्टीलच्या टेकडीवरच्या डेस्परॅडोजसारख्या मोठ्या बँडलाही हिंसाचारामुळे आपलं यार्ड सोडून खाली शहरात यावं लागलं.

तुम्ही सुरू करणार असाल तर प्रत्येकानं आपापला पॅन घ्यायचा, असं कृपया करू नका. वर्गणी काढून सामायिक घ्या. ट्यूनिंगचे पैसे वेगळे ठेवा. सूर उतरतात आणि ते हातोडीनं परत जुळवणारा कारागीर सहज मिळत नाही. आणि सगळ्यात आधी कुलूप लावता येईल, संध्याकाळचा आवाज शेजाऱ्यांना चालेल अशी जागा बघा.