घोडीचे पुढचे खूर लांब झालेत, टाचा बसल्यात, ती अडखळते. नालबंद दर तीन महिन्यांनी येतो. खूर नेमके कुठून आणि किती कापायचे?

नालबंद दर तीन महिन्यांनी येतो, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मूळ दुखणं बहुधा तिथेच आहे. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणजे तीन महिन्यांत अडीच-तीन सेंटीमीटर. ही वाढ सरळ खाली जात नाही, तिरकी पुढे सरकते आणि टाचेलाही पुढे ओढते. ओढलेली टाच वजनाखाली दुमडते, पाय उचलताना खुराचं टोक वेळेवर पलटत नाही, पायामागची कंडरा ताणली जाते. म्हणून तुमच्या घोडीच्या बाबतीत उंची कापण्यापेक्षा टोक मागे घेणं महत्त्वाचं.

आधी तिला सपाट, कडक जमिनीवर उभी करा आणि खाली बसून बाजूनं बघा. खुराची पुढची भिंत आणि तिच्या वरचं तिरकं हाड, म्हणजे पास्टर्न, एका सरळ रेषेत हवेत. ही रेषा केसांच्या काठाशी मागे मोडलेली दिसली, तर टोक लांब आणि टाच खाली आहे. अमुक अंशाचाच कोन हवा असा आग्रह धरू नका. प्रत्येक घोड्याच्या पास्टर्नचा उतार वेगळा, आणि खूर त्याच्याशी जुळायला हवा.

मग पाय उचलून तळवा स्वच्छ करा. तळव्याच्या सर्वांत रुंद भागावर आडवी रेघ काढा आणि तिच्यापासून टोकापर्यंत व टाचेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. टोकाकडे 8 आणि टाचेकडे 5 सेंटीमीटर भरलं, तर काय बिघडलंय ते लगेच कळतं.

आता सुरी. तळव्याचा पांढरट, भुसभुशीत थर तेवढा काढायचा. खाली मेणासारखा घट्ट थर लागला की थांबायचं. अंगठ्यानं दाबल्यावर तळवा लवला, तर तो आधीच पातळ झालाय, पुढे हात लावू नका. तळवा खरवडून ‘छान गोरा’ करण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. खड्यावर पाय पडला की घोडा त्याच दिवशी लंगडतो. मधल्या त्रिकोणी फ्रॉगचे, म्हणजे रबरासारख्या गादीचे, फक्त सुटलेले तुकडे कापा. बाजूच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकट मळ असेल तर तो सडल्याचा आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं. खाचा रोज साफ करा आणि तबेला कोरडा ठेवा.

भिंत तळव्याच्या 2-3 मिलिमीटर वर ठेवून कापा. टोकाला कानस खालून 45 अंशांत धरून भिंतीची कड गोल करत मागे या, पण पांढऱ्या रेषेच्या, म्हणजे भिंत आणि तळवा जुळतात तिथल्या फिकट रेघेच्या, बाहेरच्या काठाशी थांबा. भिंत बाहेर फाकली असेल तर वरून फक्त खालच्या एक तृतीयांशात घासा. नालेच्या मापाला खूर घासून बसवणं चूक आहे. नाल खुराच्या मापाची हवी आणि तिची टोकं टाचेच्या शेवटापर्यंत पोचायला हवीत. आखूड नालेवर टाच आणखी चेपते.

टाचेचं काम नाजूक. दुमडलेला, चिरडलेला भाग तेवढा काढला की टेकण्याची जागा थोडी मागे सरकते. पण टाच मुळातच कमी असेल तर ती उंची परत येईपर्यंत थांबावं लागतं. एकाच बैठकीत सगळं सरळ करू पाहिलं तर ज्या कंडरेला वाचवायचं तिच्यावरच अचानक भार बदलतो.

दोन्ही बाजूंची टाच सारखी आहे का, हे पाहायला पाय गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाला धरून सैल सोडा आणि वरून तळव्याकडे बघा. एक बाजू उंच असेल तर तीच घासायची, दुसरीला हात लावायचा नाही.

कापून झाल्यावर कडक जमिनीवर चालवा. खूर सपाट किंवा टाचेवर टेकायला हवा. टोकावरच टेकत असेल, टाचेत वेदना असू शकते. पशुवैद्यांकडून तपासून घ्या. खूर गरम लागला आणि मुठ्याच्या, म्हणजे पास्टर्नच्या वरच्या सांध्याच्या, दोन्ही बाजूंची नाडी जोरात उडत असेल, तर सुरी बाजूला ठेवून त्यांना त्याच दिवशी बोलवा. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत तळवा किती जाड आहे आणि आतलं हाड कसं बसलंय ते दिसतं. इतक्या बसलेल्या टाचांना मी तो काढायलाच सांगेन.

यापुढे दर 5-6 आठवड्यांनी थोडं थोडं काम करा. केसांच्या काठापासून टोकापर्यंत नवी भिंत उतरायला 9 ते 12 महिने लागतात. दर वेळी त्याच जागी, खुराच्या उंचीवरून बाजूचा फोटो काढून ठेवा. नवी भिंत वरून कोणत्या कोनात उतरतेय ते त्यात दिसत राहील.