ध्वनी-शंका : भजनाचा गोल ध्वनिमुद्रणात कसा आणावा?

प्रश्न : मी नागपूरला मानेवाडा भागात राहतो आणि घरातल्याच एका खोलीत छोटा स्टुडिओ चालवतो. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद असून स्लॅबही १० फुटांवर आहे. आमच्या वस्तीतल्या खंजिरी भजन मंडळाचे ध्वनिमुद्रण मला डॉल्बी ॲटमॉसमध्ये, म्हणजे ऐकणाऱ्याच्या भोवताली आणि वरही आवाज मांडणाऱ्या पद्धतीत, मिक्स करायचे आहे. त्यासाठी १२ स्पीकर बसवणे आवश्यकच आहे, की हेडफोनवर काम भागेल? हेडफोनवर एकदा प्रयत्न केला, तेव्हा ढोलक डोक्यावरच्या जागी नेऊनही वर वाटली नाही आणि मुख्य गायकाचा आवाज मात्र विरल्यासारखा झाला. माझे काय चुकते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण निवडलेले संगीत या तंत्राला फार जवळचे आहे, हे आधी सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या गावोगावी नेलेले खंजिरी भजन ऐकणारा माणूस रंगमंचासमोरच्या खुर्चीत बसलेला नसतो. तो सतरंजीवर, गोलाच्या आत किंवा अगदी कडेला असतो, समोरून मुख्य गायकाचा आवाज येत असतो आणि डाव्या-उजव्या खांद्यामागून साथीदार धृपद उचलत असतात. स्टिरिओत हा सगळा गोल दोन स्पीकरांच्या मधल्या पट्टीत चेपून बसवावा लागतो. म्हणून भोवताली ध्वनी पसरवणे येथे चमत्कृती ठरत नाही, मूळ बैठकीची मांडणीच त्यामुळे परत मिळते.

१९७० च्या दशकात चार स्पीकरांची क्वाड्रोफोनिक पद्धत आली, पण एकमेकींशी न जुळणाऱ्या तिच्या तीन-चार तऱ्हा बाजारात असल्याने ती टिकली नाही. २०१२ साली सिनेमागृहांत आणि २०१९ पासून संगीताच्या स्ट्रीमिंगवर आलेल्या ॲटमॉसचा विचार निराळा आहे. त्यात कोणता आवाज कोणत्या स्पीकरातून वाजावा हे पक्के करून ठेवत नाहीत. आवाज आणि त्याची खोलीतील जागा अशी दोन्ही माहिती सोबत जाते, आणि ऐकणाऱ्याकडे दोन स्पीकर आहेत, १२ आहेत की केवळ हेडफोन आहे, हे पाहून रेंडरर, म्हणजे आवाजांची वाटणी करणारे सॉफ्टवेअर, त्या क्षणी हिशेब करते. ठरावीक जागांवरच्या १० वाहिन्यांना बेड म्हणतात आणि सुट्या, हलवता येणाऱ्या आवाजांना ऑब्जेक्ट. ते ११८ पर्यंत असू शकतात. भजनाला इतके कधीच लागत नाहीत.

आता ढोलकीकडे वळू. डावे-उजवे ओळखताना आपला मेंदू दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यातला फरक मोजतो. आवाज अगदी बाजूने आला तरी हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. आवाज वरून आला आहे की खालून, हे मात्र अशा फरकाने कळत नाही. ते कळते कानाच्या पाळीच्या वळणांमुळे, आणि ही वळणे मुख्यतः चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढच्या, म्हणजे बारीक व धारदार आवाजांवरच ठसा उमटवतात. ढोलकीचा घुमारा त्याच्या खूप खाली असल्याने तो छताला टांगला तरी कानाला जमिनीवरच वाटणार. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण किंवा टाळांची टोके तेथे नेऊन पाहावीत, उंची लगेच जाणवेल. तरीही माझे मत असे की कोणतेच वाद्य वर नेऊ नये, कारण भजनात वर कोणी बसलेले नसते. वर द्यावा तो फक्त जागेचा प्रतिध्वनी, आणि तोही पुढच्या वेळी भजन चालू असताना उंचावर लावलेल्या दोन वेगळ्या मायक्रोफोनांनी टिपलेला असला तर उत्तम.

गायक विरतो याचे कारण बहुधा असे की आपण त्याच्या ऑब्जेक्टचा आकार वाढवला असावा. आकार वाढवला की तोच आवाज अनेक स्पीकरांत वाटला जातो आणि शब्दाची कड बोथट होते. गायकाला समोर, मध्यभागी, कानाच्या उंचीवर, आकार शून्य ठेवून बसवावे. धृपद धरणारे बाजूंना व मागे पसरावेत. खंजिरी गायकाच्याच हातात असेल तर ती त्याच्याजवळच ठेवावी, नाहीतर हात एका जागी आणि गळा दुसऱ्या जागी असे विचित्र होते.

१२ स्पीकर म्हणजे ७.१.४ ची मांडणी : कानाच्या उंचीवर सात, खर्जासाठी एक, वर चार. आपल्या खोलीत ती आज बसवू नये असे मला स्पष्टपणे वाटते. खोलीची रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ हर्ट्झच्या आसपासची गुंज दोन्ही दिशांनी एकाच ठिकाणी साचते, आणि लांबीमुळे ४७ च्या जवळ आणखी एक उभी राहते. ढोलकीचा खर्ज येथे ऐकून ठरवला तर तो दुसरीकडे फसणार. आधी कोपऱ्यांत जाड शोषक बसवावेत, भिंती व छत मऊ करावे, मग खर्चाचा विचार करावा.

तोवर हेडफोनवरील बायनॉरल, म्हणजे दोन कानांतच भोवतालचा भास देणाऱ्या, ऐकण्याने ८० टक्के काम होते, असा माझा अंदाज आहे. उरलेले होत नाही, कारण त्यात सरासरी डोक्याचे माप वापरलेले असते आणि समोरचा आवाज काहींना मागचा वाटू शकतो. शिवाय रेंडररमध्ये हेडफोनसाठी आपण दिलेली जवळ, मध्यम, दूर ही अंतराची नोंद ॲपल म्युझिकवर लागू होत नाही, कारण तेथे त्यांची स्वतःची पद्धत चालते. म्हणून दोन्हीकडे ऐकावे. अंतिम प्रत देण्यापूर्वी ७.१.४ च्या खोलीत एक दिवस भाड्याने बसावे. एकूण पातळी उणे १८ एलकेएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) वर आणि शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. स्टिरिओ प्रतीच्या तुलनेत हे हळू वाटेल. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा.

आणखी एक, मे महिन्यात ध्वनिमुद्रण करताना कूलर बंद ठेवावा. गेल्या वर्षी माझ्याच एका कामात खोलीबाहेरच्या कूलरची घरघर आठही ट्रॅकवर थोडी थोडी आली होती. स्टिरिओत ती कोणाला कळली नाही. ट्रॅक भोवती पसरताच ऐकणारा चारी बाजूंनी कूलरांमध्ये बसल्यासारखा झाला.

प्रश्न : वडिलांनी जपलेल्या भजनांच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेतल्या आहेत. त्यांचे ॲटमॉस करता येईल का?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : कॅसेटच्या एका बाजूवर दोनच ट्रॅक असतात, त्यात पेटी, ढोलक आणि गळा एकमेकांत मिसळलेले असतात. सॉफ्टवेअर ते वेगळे करते खरे, पण टाळांच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज उरतो. आपण मूळ दोन ट्रॅक जसेच्या तसे समोर डाव्या-उजव्या बाजूला ठेवावेत, भोवताली फक्त हलका प्रतिध्वनी द्यावा आणि न बदललेली प्रत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी.