चॉकलेटी पिल्लांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: आम्ही फोंड्याला राहतो. मिस्टर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, मी घरी शिकवण्या घेते. महिन्याला 5,000 शिल्लक पडतात. आमची राणी काळी लॅब्राडोर, 14 महिन्यांची. तिची आई चॉकलेटी होती. चॉकलेटी नर पिल्लू 85,000 ला मिळतंय. विकणारा म्हणतो, दोघांची रंगाची डीएनए चाचणी करून घ्या, 24,000 लागतील. इथे काळं पिल्लू 15,000 ला आणि चॉकलेटी 20,000 ला जातं. आठ पिल्लं धरली तर 1,60,000 होतात. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली 1,20,000 ची एफडी मोडू का? ती पुढच्या वर्षी बारावीला जाईल.

उत्तर: ताई, एफडीला हात लावू नका. राणीला पिल्लं होऊ द्यायला माझी हरकत नाही, पण तुमच्या हिशेबात आठही पिल्लं चॉकलेटी धरली आहेत, आणि तिथेच तो कोसळतो.

लॅब्राडोरमध्ये काळा की चॉकलेटी हे टीवायआरपी1 नावाच्या जनुकावर ठरतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पिल्लू चॉकलेटी व्हायला आई आणि बाप दोघांकडून चॉकलेटी प्रत यावी लागते. राणीची आई चॉकलेटी, म्हणजे तिच्याकडे द्यायला दुसरी प्रत नव्हतीच. म्हणजे चॉकलेटी प्रत राणीत आलेलीच आहे. राणी स्वतः काळी, म्हणजे बापाकडून काळी प्रत आली. त्या नराचं नाक आणि डोळ्यांच्या कडा तपकिरी असतील तर त्याच्या दोन्ही प्रती चॉकलेटी. हे सगळं घरबसल्या कळलं. जे डोळ्यांना दिसतंय त्याची पावती फाडायला प्रयोगशाळेत कशाला जायचं?

या जोडीत प्रत्येक पिल्लाला चॉकलेटी होण्याची शक्यता निम्मी. आठात सरासरी चार. आठही चॉकलेटी होण्याची शक्यता 256 मध्ये 1. म्हणजे 1,60,000 नव्हे, 1,40,000 धरा, तेही सगळी जगली आणि सगळी विकली गेली तर.

चाचणीतून खरी नवी गोष्ट कळेल ती एकच: एमसी1आर या दुसऱ्या जनुकाची पिवळी प्रत लपलेली आहे का. पिल्लू पिवळं व्हायला ही प्रतही दोघांकडून यावी लागते, म्हणून दोघांतही ती असेल तर सरासरी चौथा हिस्सा पिल्लं पिवळी होतील. आठात दोन पिवळी, तीन चॉकलेटी, तीन काळी. पिवळ्याला काळ्याचाच भाव धरला तर येणारी रक्कम 1,35,000. फरक 5,000 चा, आणि तो जाणून घ्यायला तुम्ही 24,000 मोजणार! शिवाय दोघांपैकी एकात ती प्रत नाही असं कळलं की एकही पिवळं होत नाही, म्हणजे चाचणी केलीच तरी आधी एकाचीच पुरे. चाचणी खोटी नसते, पण ती रंग सांगते, वाढवत नाही.

आता नराचं बघू. 85,000 देऊन तो आज घरी आला तरी वयात यायला वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर दोन लॅब्राडोरचं खाणं, लसी, आणि आपल्या पावसाळ्यात गोचिडांचा ताप आला तर डॉक्टरांचं बिल. यातलं काहीच तुमच्या हिशेबात नाही. अडलेल्या बाळंतपणात सिझेरियन लागू शकतं, तेही नाही. पिल्लांसाठी नर विकत घ्यावा लागतच नाही. ठरलेली फी किंवा एक पिल्लू देऊन चांगल्या चॉकलेटी नराशी जोडी लावता येते.

घाई तर मुळीच नको. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार 18 महिन्यांच्या आत मादीची पैदास करता येत नाही, वर्षाला एकच वेत, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, आणि पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. विक्रीचं उत्पन्न आयकर विवरणपत्रातही दाखवावं लागेल.

पैसे खर्चायचेच तर राणीच्या प्रकृतीवर खर्चा. पीआरए या आजारात कुत्र्याची दृष्टी हळूहळू जाते, आणि ते बहुधा पिल्लू विकून काही वर्षं झाल्यावर दिसतं. ईआयसीमध्ये जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडतात. दोन्हींच्या डीएनए चाचण्या आहेत. राणी वाहक निघाली, म्हणजे दोषाची एकच प्रत असलेली पण स्वतः निरोगी, तरी निर्दोष नराशी जोडी लावली की पिल्लं आजारी होत नाहीत. इथे चाचणीच्या निकालाने निर्णय बदलतो, म्हणून तिचे पैसे वसूल होतात. कंबरेच्या सांध्याचा दोष मात्र अशा एका जनुकात सापडत नाही. त्यासाठी एक्स-रे, आणि तो दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला जास्त भरवशाचा.

राणीला दोन वर्षांची व्हायला दहा महिने आहेत. तोवर शिल्लक 5,000 मधून 3,000 ची आवर्ती ठेव लावा. 30,000 आणि वर थोडं व्याज जमेल. चाचण्या, एक्स-रे, नोंदणी आणि नराची फी यातूनच भागवायची. नरवाल्याकडे पीआरए-ईआयसीचे निकाल आणि सांध्यांचा एक्स-रे आधी मागा. तो ते दाखवत नसेल, तर नर कितीही सुंदर चॉकलेटी असो, आगाऊ पैसे देऊ नका.