हरळीसुद्धा सडते

सांवेर तहसिलीतल्या एका शेतकरी भावांचा प्रश्न आहे : 'दोन बिघ्यांत लॉनची हरळी लावलीय. गालिचे कापून इंदूरच्या नव्या कॉलन्यांना विकतो. पंधरा दिवसांपासून पट्ट्यापट्ट्यानं गवत काळपट पडून तेल सांडल्यासारखं बसतंय. दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून दोनदा मारलं, काही फरक नाही. दूर्वाही याच शेतातून विकायचा विचार आहे.'

भाऊ, तुमच्या आजोबांनी याच हरळीच्या काश्या वेचता वेचता कंबर मोडून घेतली असेल, आणि तुम्ही तिच्यासाठी औषध विचारताय! असो. चिवट असली तरी काळ्या मातीत पाणी साचलं की तीही सडते.

उद्या सकाळी सहाला, दव असतानाच शेतात जा. पट्ट्यांवर कापसासारखं पांढरं जाळं दिसलं आणि पान चिमटीत बुळबुळीत लागलं, तर तो पिथियम नावाचा रोग समजा. ऊन चढलं की जाळं दिसेनासं होतं. दुपारी पाहणाऱ्याला नुसतं जळलेलं गवत दिसतं. पट्टे उताराच्या दिशेनं किंवा कापणी मशीनच्या चाकोरीनं गेले असतील, तर शंकाच नको. हा रोग वाहत्या पाण्याबरोबर आणि चाकांना चिकटून पुढं सरकतो. रात्रीसुद्धा २० अंशांच्या वर उकाडा आणि पान रात्रभर ओलं, एवढं त्याला पुरतं.

कार्बेन्डाझिम लागू पडलं नाही, कारण पिथियम ही खरी बुरशीच नाही. बटाट्यावर उशिरा येणारा करपा ज्या गोत्रातला, त्याच गोत्रातला हा. त्यावर मेटॅलॅक्सिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण चालतं : लिटरला २ ते २.५ ग्रॅम, बुंधा भिजेल असं. डब्यावरचं लेबल मात्र आधी वाचा. तेच ते औषध पुन्हापुन्हा मारू नका, रोग त्याला दाद देईनासा होतो.

पण औषध नंतर. उघडीप पडली की तुम्ही स्प्रिंकलर संध्याकाळी लावत असणार, बहुतेक जण लावतात. तो पहाटे लावा, म्हणजे दोन-तीन तासांत पान वाळेल. पाणी रोज शिंपडू नका. माती वरून सुकली की मगच, पण खोलवर द्या. उताराच्या कडेनं चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. रोग आटोक्यात येईपर्यंत युरिया बंद. कापणी गवत कोरडं असतानाच करा, रोगट वाफे शेवटी घ्या, आणि मशीन धुतल्याशिवाय चांगल्या वाफ्यात नेऊ नका. त्या पट्ट्यातले गालिचे विकू तर मुळीच नका. गालिच्याबरोबर रोगही गिऱ्हाइकाच्या अंगणात जातो आणि तुमचं नाव खराब होतं.

पाऊस ओसरल्यावर दुसरंच दुखणं येईल : रुपयाएवढे वाळके ठिपके, पानावर गवती रंगाचा डाग आणि त्याला तांबूस कड. हा डॉलर स्पॉट. पिथियमला युरिया जास्त झाला की बळ मिळतं, डॉलर स्पॉट मात्र उपाशी गवतावर येतो. तिथं १०० चौरस मीटरला अर्धा ते एक किलो युरिया कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी द्या. वरून पूर्ण कुजलेलं कंपोस्ट चाळून पातळ पसरा. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इथंच इंदुरात बसवलेली कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि आपल्याकडं अजून लॉनवर अर्धकच्चं शेणखत पडतं!

दुसरा प्रश्न इंदूरच्या लोकमान्यनगरातला : एका काकूंच्या बंगल्यात पहिल्या पावसानंतर लॉनवर कुत्र्याच्या छत्र्यांचं गोल कडं उगवलं. काकू, तिथं पूर्वी झाड होतं का? जुना बुंधा किंवा बांधकामाचं लाकूड मातीत कुजत असलं की असं कडं येतं. लाकूड उकरून काढा, काट्यानं जमिनीला भोकं पाडून पाणी मुरू द्या. औषधाचा खर्च नको. छत्र्या खाऊन मात्र पाहू नका.

आता दूर्वा. फवारलेल्या वाफ्यातल्या दूर्वा गणपतीसाठी विकू नका. जुड्या हातानं बांधतात, घरातली मुलंही बसतात, काही जण त्यांचा रसही घेतात. तुऱ्यावर काळी पूड दिसली तर तो काजळी रोग. तुरे पूड उडायच्या आत पिशवीत कापून घ्या आणि जाळा. जुडीला तसाही तीन किंवा पाच पानांचा कोवळा शेंडाच लागतो, तुरा कुणी घेत नाही. दूर्वांचा वाफा वेगळा ठेवा, तोही उताराच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला फवाऱ्याचं पाणी येतं.