अर्थ नको, वाक्य उचल

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं, वहीचे फोटोही पाहिले. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, असे तब्बल ४००! तरीही मॅनेजरबाईंना 'डोन्ट पुल माय लेग' लिहिलंस, त्या हसल्या आणि तुला रडू आलं. घोळ उजव्या रकान्यात आहे. तिथे तू 'पाय ओढणे' लिहिलंयस. मराठीत पाय ओढणारा दुसऱ्याला वर येऊ देत नाही. इंग्रजीत लेग पुल करणारा नुसती थट्टा करतो, खोटंच काही खरं म्हणून गळी उतरवतो. तू तक्रार केलीस, त्यांना ती गंमत वाटली.

अर्थ पाठ करू नकोस, वाक्य उचल. कोण, कोणाला, केव्हा म्हणालं, त्यासकट.

'किक द बकेट' म्हणजे 'मरणे', एवढंच लिहून मोकळी झालीस. अगं, ते 'गचकणे' आहे! सांत्वनाच्या पत्रात कुणी 'गचकले' लिहितं का? तिथे 'पास्ड अवे'. शिवाय 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलंस, तर खरीच बादली लाथाडली जाते, कोणी मरत नाही. उलट 'स्पिल द बीन्स', गुपित फोडणे, हा कर्मणी प्रयोगात चालतो: 'द बीन्स वेअर स्पिल्ड'. कारण 'बीन्स'मध्ये गुपित बसलंय, 'बकेट'मध्ये काहीच नाही. हे अर्थाच्या रकान्यातून कळणार कसं?

आणि 'टेबल'. ब्रिटिश माणूस प्रस्ताव 'टेबल' करतो म्हणजे चर्चेला घेतो. अमेरिकन माणूस करतो म्हणजे बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले, चर्चिलने ते नोंदवून ठेवलंय. म्हणून पुन्हा सांगते, कोण बोलतंय ते आधी बघ.

नवी वही घे. पानावर एकच वाक्प्रचार. वर ऐकलेलं किंवा वाचलेलं वाक्य, जसंच्या तसं. खाली बोलणाऱ्यांचं नातं. मग कोणता शब्द बदलतो ('माय', 'हिज') आणि कोणता जागचा हलत नाही. कोशात 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड' असे शिक्के असतात, तेही उतरव. आठवड्याला ३ पुरेत. याला माझा हेका म्हण हवं तर. पण शेकडो अर्थ तोंडपाठ असलेली हुशार मुलं बैठकीत मुकी बसतात, ते मला बघवत नाही.

मॅनेजरबाईंना आजच साधं लिही: 'आय फेल्ट अंडरमाइन्ड इन द मीटिंग.' वाक्प्रचार एकही नको. त्या काय म्हणाल्या ते कळव.

तुझी,
मावशी