विचारा व्हॉल्व्हवाल्याला : तीस वर्षं झोपलेला अँप

प्रश्न : मामांचा फेंडर डीलक्स रिव्हर्ब हा ट्यूबवाला, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा, गिटार अँप माझ्याकडे आला आहे. तीसेक वर्षं तो कव्हर घालून कपाटात होता. काळं रेक्झिन, पुढचं जाळीचं कापड, बटणं, सगळं शाबूत. आत चिकटवलेल्या कागदावर 'ओएफ' असा शिक्का आहे. एक मित्र म्हणतो, आतला एक भाग जरी बदललास तरी त्याची किंमत मातीमोल. दुसरा म्हणतो, सगळं नवीन टाक. निदान एकदा लावून बघू का?

उत्तर : नका लावू. एवढं वाचून आधी पिन बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

तुमचा अँप जून 1965चा. शिक्क्यातलं पहिलं अक्षर वर्षाचं. ए म्हणजे 1951 धरून मोजत आलात की ओला 1965 येतं. एफ म्हणजे सहावा महिना. पण कागद काय, कुठूनही आणून चिकटवता येतो, म्हणून मी तुम्ही पाठवलेल्या फोटोंत बाकीचे आकडे शोधले. ट्रान्सफॉर्मरवर 606-5-19 आहे. 606 हा शूमाकर कंपनीचा आकडा, 5 म्हणजे पासष्ट साल, 19 हा आठवडा. स्पीकरवर 465-515, म्हणजे ऑक्सफर्ड कंपनी, 5 हे साल, पंधरावा आठवडा. (त्या 5चा अर्थ 1955ही होऊ शकला असता, पण तेव्हा हे मॉडेलच जन्मलं नव्हतं.) एप्रिल, मे, जून असा क्रम जुळतो. मामांनी अँप खरंच जपलाय.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, म्हणून 'आधीचा की नंतरचा' हा वाद तुमच्या कानावर येईलच. फार मनावर घेऊ नका. एबी763 हे सर्किट दोन्हीकडे तेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. जपलेला अँप आणि चालता अँप यांत फरक आहे. लाकूड, कापड, ट्रान्सफॉर्मर यांना कपाट मानवतं. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला मानवत नाही. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळलेला असतो आणि त्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर. तो थर टिकतो व्होल्टेज मिळत राहिलं तर. वर्षानुवर्षं वीज नाही म्हटल्यावर थर कमजोर होतो, आतला ओलावाही सुकतो. अशा कपॅसिटरवर एकदम चारशेच्या वर व्होल्ट आले की तो गळायला लागतो, तापतो, कधी थेट शॉर्ट होतो. जाताना एसीचं डीसी करणारी जीझेड34 ही रेक्टिफायर ट्यूब नेतो आणि नशीब वाईट असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मरही. 'एकदा लावून बघू' म्हणणाऱ्यांचे असे जळके ट्रान्सफॉर्मर माझ्या टेबलावर बरेच येऊन गेलेत.

म्हणून माझं उत्तर दोन्ही मित्रांच्या विरोधात आहे. चासीच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, वरच्या अंगाला पत्र्याचं चौकोनी झाकण दिसेल. त्याखाली 16 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे पाच कपॅसिटर आडवे झोपलेत. ते पाचही बदलायचे. डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवून जुनेच जिवंत करता येतात असं सांगणारे भेटतील. मीही एके काळी करायचो. चार महिने चालतात, मग ऐन कार्यक्रमात घुंघुं सुरू. साठ वर्षांच्या कपॅसिटरसाठी मी आता तो खटाटोप करत नाही.

झाकणाखालच्या पाचांबरोबर एक सहावाही असतो आणि तोच हमखास राहून जातो : बायसचा, 25 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा, दिसायला अगदी किरकोळ. दोन्ही 6व्ही6 ट्यूबना लगाम घालणारं ऋण व्होल्टेज त्याच्या जिवावर असतं. तो गेला की ट्यूबच्या आतली करडी प्लेट तापून लाल होते. मधल्या तारेचा नारिंगी उजेड नेहमीचाच, त्याला घाबरू नका. काचेच्या आतून निळसर झाक दिसली तरी चालेल. प्लेट लाल दिसली तर मात्र तत्काळ बंद.

दुसरं, मेन्सची वायर. तुमची दोन पिनांची आहे, अर्थिंग नाही. शिवाय मेन्स आणि चासीच्या मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. गुणगुण कमी व्हावी म्हणून तो घालत. त्याला आमच्या धंद्यात 'डेथ कॅप' म्हणतात. तो शॉर्ट झाला तर मेन्स सरळ चासीवर येतो, चासीवरून गिटारच्या तारांवर. आणि तुमचे ओठ अर्थ असलेल्या माइकला लागले की वर्तुळ पूर्ण. तो काढायचा, तीन पिनांची वायर घालायची, अर्थ चासीला घट्ट बोल्टने आवळायचा. यात 'ओरिजिनल'चा हट्ट धरणाऱ्याशी मी बोलतच नाही. अँप 117 व्होल्टचा आहे हेही विसरू नका. घरात 230 असतील तर मध्ये स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हवाच.

बाकी कशालाही हात लावू देऊ नका. निळे कपलिंग कपॅसिटर, बटणांमागचे पॉट, स्पीकरचा कागदी कोन, जाळीचं कापड, सगळं आहे तसं राहू द्या. एखादा रेझिस्टर खरखरत असेल तर तेवढाच. मेकॅनिक 'सगळं खोलून नवीन करून देतो' म्हणाला तर अँप उचलून घरी या.

आणि काढलेले भाग टाकून देऊ नका. शिकाऊ असताना मी एका गिऱ्हाइकाच्या अँपचे जुने कपॅसिटर केराच्या डब्यात टाकले. संध्याकाळी तो आला, काम बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, "जुने कुठे आहेत?" केर गेलेला होता. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालतो, तारीख लिहितो आणि पिशवी कॅबिनेटच्या तळाशी चिकटवतो.

हे काम स्वतः करायला जाऊ नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये व्होल्टेज दडून बसलेलं असतं. ते आधी रेझिस्टरमधून उतरवायचं आणि मल्टिमीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालायचं नाही. काम झाल्यावर मेकॅनिकला पहिली सुरुवात सिरीज बोर्डवर, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेल्या बोर्डवर, करायला सांगा, तीही सगळ्या ट्यूब काढून. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. विझल्यासारखा राहिला की ट्यूब लावायच्या.

मग वाजवा. दर आठवड्याला अर्धा तास पुरे. मामांचं कव्हर घाला, पण अँप थंड झाल्यावर.

प्रश्न : जुन्या आरसीए ट्यूबवर तीस वर्षांची धूळ आहे. स्पिरिटने पुसू का?

उत्तर : काच पुसा, अक्षरं नको. त्यांवरचा छाप इतका कच्चा असतो की ओलं बोट फिरवलं तरी उतरतो. मी एकदा सहा ट्यूब स्पिरिटने चकचकीत केल्या आणि मग कुठली 12एएक्स7 आणि कुठली 12एटी7 हे शोधत टेस्टरवर दुपार घालवली. कोरडा मऊ ब्रश घ्या, अक्षरांच्या कडेने फिरवा. पाय मात्र स्पिरिटने पुसा, बऱ्याचदा खरखर तिथलीच असते. आणि जुन्या आहेत म्हणून ट्यूब बदलू नका. टेस्टरवर चांगल्या निघाल्या तर पुढची कित्येक वर्षं वाजतील.

प्रश्न : स्पीकर काढून ठेवला आहे. तोवर अँप नुसता चालू करून ट्यूब पेटतात का बघितलं तर?

उत्तर : ट्यूब पेटतील, आणि कुणी गिटार लावून एक तार छेडली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. फेंडरच्या स्पीकर जॅकमधून प्लग काढला की जॅक स्वतःच शॉर्ट होतो, त्यामुळे थोडं वाचायला होतं, पण त्या भरवशावर राहू नका. 8 ओहमचा कुठलाही धड स्पीकर जोडा, मगच स्विच दाबा.