नोकरी सोडून मुंबई गाठू का?

तुझं पत्र वाचलं. बीकॉमचं शेवटचं वर्ष, सकाळी कॉलेज, दुपारनंतर सीएच्या ऑफिसात टायपिंग नि एन्ट्र्या, घरात कमावणारी एकटी आई, आणि तुला फिल्म लिहायच्यात, डिरेक्ट करायच्यात, म्हणून विचारतेस की सगळं सोडून मुंबईला जाऊ का. नको जाऊस. एवढ्यात तरी नको.

अलिस गी हे नाव ऐकलंयस? बहुतेक नसेल. पॅरिसची बाई, मूकपटांच्या अगदी पहिल्या डिरेक्टरांपैकी एक. वडिलांचा पुस्तकांचा धंदा बुडाला, ते वारले, आईला सांभाळायचं म्हणून ही टायपिंग-शॉर्टहँड शिकली आणि १८९४ मध्ये फोटोग्राफीचं सामान विकणाऱ्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागली. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंचा सिनेमा बघितला, कारखान्यातून कामगार बाहेर पडतायत बस एवढंच, आणि हिला वाटलं की यात गोष्ट का सांगू नये? सरळ साहेबांना, म्हणजे लिओं गोमोंना, विचारलं. ते म्हणाले कर, पण ऑफिसचं काम अडता कामा नये. १९०६ पर्यंत कंपनीचं फिल्म प्रॉडक्शन तीच बघत होती, आणि नंतर अमेरिकेत जाऊन तिने स्वतःची सोलॅक्स कंपनी काढली, न्यू जर्सीत स्टुडिओ बांधला.

तू म्हणतेस डायलॉग सुचत नाहीत. अगं मग बिनडायलॉगचं लिही ना! तिची १९१२ ची 'फॉलिंग लीव्ज' बघ. मोठी बहीण क्षयाने आजारी, डॉक्टर सांगतात की शेवटचं पान गळेपर्यंत ही जाईल, छोटीच्या कानावर ते पडतं आणि ती रात्री बागेत जाऊन गळलेली पानं दोऱ्याने फांद्यांना बांधत बसते. त्या पोरीला काय वाटतंय ते सांगायला एक शब्द लागत नाही. तसं पाच मिनिटांचं काहीतरी लिही, रविवारी मोबाईलवर शूट कर, मित्रमैत्रिणी आहेतच.

डिग्री मात्र पूर्ण कर हां, पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, डिरेक्शनसाठी ग्रॅज्युएशन लागतंच, आणि पगारातले थोडे पैसे त्या फीसाठी बाजूला टाकत जा.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. अलिसचं करिअर १९२० च्या सुमारास संपलं, कंपनी बुडाली, लग्न मोडलं, दोन मुलं घेऊन १९२२ ला फ्रान्सला परतली तर तिथे कोणी काम देईना. वर इतिहास लिहिणाऱ्यांनी तिच्या कितीतरी फिल्म्स दुसऱ्यांच्या नावावर टाकल्या, म्हातारपणी स्वतःच्याच फिल्म्स शोधत फिरली, थोड्याच हाती लागल्या. त्यामुळे स्क्रिप्ट कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची मेंबर हो, ती स्क्रिप्ट तिथे ऑनलाइन रजिस्टर कर, आणि कॉलेजच्या शॉर्टफिल्ममध्येसुद्धा क्रेडिटला तुझं नाव कुठे येणार ते शूटच्या आधीच लेखी ठरवून घे, 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला स्क्रिप्ट द्यायचीच नाही.